रिकाम्या तक्त्याचे मथळे

३ मार्च

मामा,

कान कसे आहेत हे या वेळी विचारत नाही. मागच्या तीन पत्रांत विचारलं आणि तिन्ही वेळा तू हवेबद्दल लिहिलंस. फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाइलला तू हात लावत नाहीस, म्हणून तुझी भाची पत्रं टाकायला पोस्टाची पेटी शोधत हिंडते. ऑफिसात सगळे हसतात. हसू देत.

आज कामासाठी लिहितेय. तू खाणीच्या तोंडाशी, दिवेघरात, तीस वर्षं नोंदवही सांभाळलीस. कोण खाली गेलं, कधी गेलं, कधी वर आलं. मला त्या वहीबद्दल एक प्रश्न विचारायचाय. आधी माझं रडगाणं ऐक.

आमची कंपनी एका शीतगृहासाठी स्क्रीन बनवतेय. मोठमोठ्या खोल्या, उणे बावीस अंश थंडी. माणसं जाड कोट घालून आत जातात, वीस मिनिटांच्या वर आत राहायचं नाही असा नियम आहे. प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड असतं. जाताना दाराशी टेकवलं की आत गेल्याची नोंद, येताना टेकवलं की बाहेर आल्याची. दाराशेजारी भिंतीवर स्क्रीन आणि त्यावर तक्ता: नाव, खोली, आत गेल्याची वेळ, बाहेर यायची वेळ. दारावर बसणारी बाई तो तक्ता बघून संध्याकाळी बाहेरून अडसर टाकते आणि घरी जाते. हा तक्ता मी लिहिलाय, मामा. सहा महिने त्यात घातलेत.

तक्त्यात माणसं असली की सगळं ठीक. शेवटचा माणूस बाहेर आला आणि यादी रिकामी झाली, की मथळ्यांची ओळसुद्धा गायब होते. ती मी गायब केलेली नाही. आमच्याकडे स्क्रीन नटवणारा एक गृहस्थ आहे, मी त्याला रंगारी म्हणते. त्याचं म्हणणं, नुसते मथळे आणि खाली काहीच नाही हे ओकंबोकं दिसतं. म्हणून त्याने तिथे मफलर गुंडाळलेला एक हसरा पेंग्विन उभा केलाय आणि खाली लिहिलंय, ‘सगळं आलबेल!’

मी म्हटलं, मथळे राहू देत, खाली लिहू की आत कोणी नाही, शेवटची तपासणी अमुक वाजता. त्यावर साहेब म्हणाले, "अगं, पाहुणेच नाहीत तर पंगत कशाला मांडायची?" सगळे खो खो हसले. दिवसभर माझा जळफळाट झाला.

तर प्रश्न असा. खाणीत कोणीच नसेल त्या दिवशी तुझ्या वहीचं पान कसं दिसायचं? दोन ओळी लिही, पुरे. मी त्या साहेबांच्या टेबलावर आपटणार आहे.

बाबांनाही विचारलं, तेही त्याच खाणीत पंपमिस्त्री होते म्हणून. तुझं नाव काढलं मात्र, चहा अर्धा टाकून गच्चीत निघून गेले. आजोबांच्या घराच्या वाटणीवरून तुम्ही दोघं अजून धुमसताय, कमाल आहे. आई नेहमीप्रमाणे गप्प.

तुझी,
भिंगरी


१२ मार्च

भिंगरे,

हवा छान आहे. झालं ना समाधान?

दोन ओळी मागितल्यास, पण तीस वर्षं वही लिहिलेल्या माणसाला दोन ओळींत आटपायला सांगणं म्हणजे छळ आहे. तेव्हा ऐक.

आमच्याकडे कार्डं नव्हती, पितळी बिल्ले होते. प्रत्येकाचा नंबर ठोकलेला. माझ्या खुर्चीच्या मागे भिंतभर लाकडी फळी, तिला हूक, हुकांना बिल्ले. माणूस खाली जाताना आपला बिल्ला काढून गळ्यात घालायचा, मी वहीत नोंद करायचो, दिवा द्यायचो. वर आला की बिल्ला हुकाला, दिवा माझ्याकडे, वहीत वेळ. दिवा परत करताना प्रत्येकजण काहीतरी बोलायचा. कोणी म्हणायचं, आज खाली उकडतंय. कोणी म्हणायचं, बायको माहेरी गेलीय. मी वहीतून मान वर न करता हं म्हणायचो.

पाळी बदलली की नवं पान. आणि नव्या पानावर पहिलं काम, खुर्चीवर नीट टेकायच्याही आधी, लाल पेन्सिलने रकाने आखून मथळे लिहायचे. बिल्ला नंबर, नाव, खाली जाण्याची वेळ, वर येण्याची वेळ. मग मागे वळून फळीवरचे सगळे हूक मोजायचे. आत कोणी नसेल तर मथळ्यांखाली आडवं लिहायचं: ‘निरंक’. त्यापुढे वेळ, त्यापुढे सही. दर दोन तासांनी पुन्हा. सुट्टीच्या दिवशी माझ्या पानावर चार वेळा निरंक असायचं. नवीन पोरं हसायची, म्हणायची, काहीच नाही हे एवढं नटवून कशाला लिहिता? मी म्हणायचो, मी बघितलंय म्हणून लिहितो.

कोऱ्या पानाला कोणी काही विचारू शकत नाही, भिंगरे. ते कोणाचं आहे, कधीचं आहे, कोणी पाहिलं, काही कळत नाही. मथळे असले की निदान कळतं, इथे कोणीतरी बसलं होतं आणि त्याने काय शोधलं होतं.

हा नियम खाणीचा नव्हता. माझा होता. मी सुरू केला आणि मग सगळ्या पाळ्यांना लावला. का, ते विचारू नकोस.

आता मामा म्हणून एक सांगतो. हे साहेबांच्या टेबलावर आपटू नकोस. नोकरी चांगली आहे, हुद्दा वाढायचा आहे. एका ओळीसाठी माणसाने पंगा घेऊ नये. पेंग्विन तर पेंग्विन. दारावरची बाई शहाणी असेल तर ती बघेल आपली. तू तुझं काम केलंस, सांगितलंस, त्यांनी ऐकलं नाही, विषय संपला.

दाजींना माझ्याबद्दल काही विचारत जाऊ नकोस. घराची वाटणी कधीच मिटली आहे. ताईला सांग, गुडघ्याला शेक घेत जा.

मामा


२१ मार्च

मामा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिलं अर्धं वाचून उड्या मारल्या आणि दुसरं अर्धं वाचून फाडावंसं वाटलं. तीस वर्षं दर दोन तासांनी हूक मोजणारा माणूस मला सांगतो, पेंग्विन तर पेंग्विन? तू असा भित्रा कधी झालास? का आधीपासूनच होतास आणि मला दिसलं नाही?

मी आपटलंच. निरंकचा अख्खा परिच्छेद साहेबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "छान आहे, जुन्या माणसांची शिस्तच वेगळी. पण ते कागदावर. स्क्रीन स्वतःच सगळं बघते." मग मी तडक शीतगृहात गेले. सहा महिने मी त्या दाराचा तक्ता लिहिला आणि दार एकदाही पाहिलेलं नव्हतं, याची मलाच लाज वाटली.

दार माझ्या दीडपट उंच आहे, जाडी वीतभर. उघडलं की पांढरी वाफ जमिनीवरून पायांशी येते. दाराजवळ पत्र्याच्या खुर्चीवर बसतात त्या बाईंना सगळे कोटमावशी म्हणतात, कारण कोट देणं-घेणं त्यांच्याकडे. पन्नाशीच्या असतील. कोटाचे खिसे उलटे करून झटकतात, कोणी आत रुमाल विसरला तर नाव घेऊन ओरडतात. शहाण्या आहेत, मामा. तू म्हणालास तशाच. आता पुढचं ऐक.

चाचणीची स्क्रीन लावलेलीच होती. तक्त्यात दोन नावं होती, दोघं आत माल रचत होते. मी काहीएक न बोलता स्क्रीनच्या मागची केबल उपटली. तक्ता क्षणभर थरथरला आणि पुसला गेला. मथळे गेले, नावं गेली, पेंग्विन आला. हसत. सगळं आलबेल.

कोटमावशी तेवढ्यात बाजूच्या खोलीत कोट टांगून परत आल्या. मी विचारलं, "मावशी, आत कोण आहे?" त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोणी नाही गं. पेंग्विन आलाय ना, म्हणजे गेले सगळे."

दोघं आत होते. पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच त्यांना कोट दिले होते. मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला, की मला त्यांची माफी मागावीशी वाटली. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मी कोट टांगत होते तेवढ्यात आले असतील. एवढं भिंतीवर लिहून येतंय म्हटल्यावर माणूस स्वतःचं डोकं कशाला चालवेल?"

हे मी साहेबांना तसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "केबल कोण उपटणार आहे? आणि आत घंटेचं बटण आहे की. कोणी राहिलंच तर वाजवेल." मी म्हटलं, मथळ्यांची एक ओळ ठेवायला माझी दहा मिनिटं जातात, आणि नोंदी येत नसतील तर तिथे तसं लिहायला आणखी तास. ते म्हणाले, "प्रश्न वेळेचा नाही. गिऱ्हाइकाला पेंग्विन आवडलाय."

मी गुपचूप मथळे परत घातले. रंगाऱ्याने परत काढले. मी परत घातले. आता माझा हातच त्या भागातून काढून घेतलाय.

तू नियम का केलास, विचारू नको म्हणालास. विचारतेय. का केलास?

भिंगरी


८ एप्रिल

मामा,

अठरा दिवस झाले, पत्र नाही. रागावलास का? भित्रा म्हटलं ते मागे घेते. अर्धंच घेते.

इथली गोष्ट अशी. वीस तारखेला ती स्क्रीन खरोखर चालू होणार. त्याआधी सोळाला शेवटची चाचणी, शीतगृहातच, त्यांचे व्यवस्थापक, आमचे साहेब, सगळे हजर. चाचणी झाली की एका फॉर्मवर सही लागते: ‘मी हा तक्ता तपासला, तो वापरण्यास सुरक्षित आहे.’ ती सही तक्ता लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी. साहेबांनी काल केबिनमध्ये बसवून प्रेमाने समजावलं. सही केली तर पुढच्या महिन्यापासून माझ्या हाताखाली चारजण. नाही केली तर ते दुसऱ्या कोणाकडून करून घेतील आणि मी काय करायचं ते मग बघू.

मी सही करणार नाही, मामा. तू काहीही लिही. आई म्हणते, एवढा हट्ट बरा नव्हे. बाबांचं वेगळंच. काल मी न्हाणीघरात असताना आई बाहेर गेली आणि चुकून बाहेरून कडी लावली, तर बाबा धावत येऊन ती काढून गेले. ओरडले आईवर. आमच्या घरात कुठल्याच दाराला कधी कडी लागत नाही हे तुला माहीत आहे का? मी लहानपणापासून बघतेय. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

पत्र पाठव. शिव्या दे, पण पाठव.

भिंगरी


११ एप्रिल

भिंगरे,

रागावलो नाही. तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही चुलीत घातली. हे चौथं. हे पूर्ण करून लगेच पेटीत टाकणार आहे, पुन्हा वाचणार नाही.

भित्रा म्हटलंस ते अर्धंही मागे घेऊ नकोस.

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तू पाच वर्षांची होतीस. खाणीला वार्षिक सुट्टी होती, एकही पाळी नव्हती. फक्त खालच्या पंपाचं काहीतरी बिनसलं होतं म्हणून सकाळी अकराला एक माणूस एकटा खाली उतरला. तो पंपमिस्त्री म्हणजे तुझे बाबा.

सकाळच्या कारकुनाने नोंद बरोबर केली. ती त्या पानाची शेवटची ओळ होती. पान भरलं, म्हणून त्याने पान उलटलं. मथळे दुपारचा माणूस आखेल असं म्हणून तो उठला, त्याला दोनची बस गाठायची होती. दोनला मी आलो. वही उघडीच होती, समोर कोरं पान. सुट्टीचा दिवस, कोरं पान, मी काय समजायचं ते समजलो. मागचं पान उलटून बघितलं नाही. पाठीमागे फळीवर एक हूक रिकामा होता, तेही बघितलं नाही. खुर्चीतून नुसती मान वळवायची होती.

तीन वाजता मी माणसांना खाली-वर नेणारा पिंजरा चालवणाऱ्याला, तोही माझ्यासारखाच दोनला आलेला, म्हटलं, कोणी नाही, जा घरी. त्याने पिंजरा वर घेतला, खालची वीज तोडली, आपल्या खोलीला कुलूप लावलं आणि गेला.

तुमचे साहेब म्हणतात, आत घंटा आहे. खालीही होती. दाजींनी ती वाजवली. ती वाजायची पिंजरेवाल्याच्या खोलीत, आणि त्या खोलीला कुलूप होतं. हे त्यांना सांग.

सहा वाजता ताई आली. तुला ताप होता, शेजारणीजवळ ठेवून आली होती. म्हणाली, हे अजून घरी आले नाहीत. मी माझ्या सख्ख्या बहिणीला ते कोरं पान दाखवलं. म्हटलं, हे बघ, आत कोणी नाही, दाजी गेले असतील कुठे दोस्तांकडे. तिने पान बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला गं. सुट्टीमुळे रात्रभर मीच बसलो होतो. सकाळी आठला ती पुन्हा आली तेव्हा तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी नजर चुकवायला मागे वळलो, तेव्हा तो हूक दिसला.

अठरा तास ते खाली अडकले होते. दिवा दहा तास पुरतो, पुढे अंधार. पाणी गुडघ्यापर्यंत चढलं होतं. पिंजरा वर आला, दार उघडलं, दाजी बाहेर आले. त्यांना नीट दिसतही नव्हतं. आणि मी पहिलं वाक्य काय बोललो? "पान कोरं होतं, मी काय करू?"

तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. घराची वाटणी ही मीच उठवलेली आवई, लोकांनी विचारायला लागू नये म्हणून. चौकशी झाली, चौकशीवाल्यांनीही लिहिलं की पान कोरं होतं, कारकुनाचा दोष नाही. मी सुटलो. दुसऱ्या दिवसापासून लाल पेन्सिल घेऊन बसलो ते निवृत्त होईपर्यंत. सगळ्यांनी माझ्या शिस्तीचं कौतुक केलं, निरोपाच्या दिवशी भाषणातही कोणी ते बोललं, आणि मी ऐकून घेतलं. पण दाजींना कधी एक शब्द बोललो नाही.

मागच्या पत्रात तुला गप्प बस म्हटलं, कारण तू खणत जाशील आणि शेवटी माझ्यापाशी पोचशील, ही धास्ती होती. आता पोचलीस.

सही करू नकोस. काही झालं तरी करू नकोस. नोकरी गेली तर माझ्याकडे ये, दोन खोल्या आहेत, एक तुझी.

हे पत्र दाजींना दाखव. मी सांगितलंय म्हणून दाखव.

मामा


१८ एप्रिल

मामा,

तुझं पत्र चौदाला मिळालं. ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले. काय काय लिहायचंय, कुठून सुरू करू?

आधी तुझ्यावर चिडून घेते. चोवीस वर्षं मी तुम्हा दोघांच्या मधे निरोप पोचवत होते, गुडघ्याचे आणि हवेचे, आणि मला यातलं काहीच कोणी सांगितलं नाही. आईने सांगितलं नाही. ती म्हणाली, "एक भाऊ, एक नवरा. मी कोणाच्या बाजूने तोंड उघडणार होते?" झालं चिडून. बाकी प्रत्यक्ष भेटल्यावर.

बाबांनी पत्र खिडकीशी उभं राहून वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं, आता गच्चीत जातील. ते म्हणाले, "ते शीतगृह किती लांब आहे?"

मी म्हटलं, बाबा, तुम्ही काय करणार तिथे? "बघायला येतो. मुलगी काय काम करते ते बापाने बघू नये का?"

सोळाला आम्ही तासभर आधी पोचलो. कोटमावशींना मी सगळं सांगितलं. त्या सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "कोट मोठा देते, यांचे खांदे रुंद आहेत." मी पुन्हा केबल उपटली. मग बाबा दाराशी कार्ड टेकवून आत गेले. मामा, ज्या माणसाला घरात न्हाणीघराची कडी सहन होत नाही, तो माणूस स्वतःच्या पायांनी त्या वीतभर जाडीच्या दारातून आत गेला. आत दिवे आहेत, साहेब म्हणाले होते ते घंटेचं बटणही आहे, अडसर टाकलेला असला तरी बाहेर दाराशी ऐकू येतं, ते मी दहा वेळा दाबून बघितलं होतं. मावशी अडसराला लागून उभ्या राहिल्या.

साहेब, त्यांचे व्यवस्थापक आणि रंगारी चहा पिऊन आले. स्क्रीनवर पेंग्विन. व्यवस्थापक खूश झाले, "वा, गोड आहे."

मी विचारलं, "साहेब, आत कोण आहे?"

"कोणी नाही. दिसतंय की."

"नक्की?"

"अगं, तुझाच तक्ता आहे, मला काय विचारतेस?"

मी व्यवस्थापकांना म्हटलं, "मग संध्याकाळसारखं दार बंद करून दाखवा." त्यांनी स्वतःच्या हाताने अडसर टाकला. मी घड्याळ बघितलं. एक मिनिट होईपर्यंत काट्यावरून नजर काढली नाही. साहेब म्हणाले, "आता काय, पूजा करतेस का?" कोणी हसलं नाही, कारण मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते सगळ्यांना दिसलं.

मग मावशींनी अडसर काढला आणि दार ओढलं. वाफ बाहेर आली आणि वाफेतून बाबा. भुवया पांढऱ्या झालेल्या, ओठ घट्ट मिटलेले. व्यवस्थापक दोन पावलं मागे सरकले आणि मावशींच्या खुर्चीत बसले. आपण काय केलं ते त्यांना लगेच कळलं. साहेबांना कळायला थोडा वेळ लागला.

बाबा साहेबांसमोर येऊन उभे राहिले. अगदी शांतपणे म्हणाले, "पान कोरं होतं, नाही का?"

साहेबांना त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. मी तिथेच रडले, चारचौघांत, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

मथळे आले, मामा. व्यवस्थापकांनी त्याच दिवशी लिहून मागितले. तक्ता रिकामा असला तरी ओळ जागेवर: नाव, खोली, आत गेल्याची वेळ, बाहेर यायची वेळ. खाली ‘निरंक’ आणि तपासणीची वेळ. नोंदी येत नसतील तर मथळ्यांखाली लाल अक्षरात: ‘माहिती नाही, आत जाऊन बघा.’ निरंक हा शब्द कोणाला कळणार, असं रंगारी म्हणाला. मावशी म्हणाल्या, "मला कळतो." पेंग्विन राहिलाय, अंगठ्याएवढा, अगदी खाली. रंगाऱ्याचं मन मोडवेना.

हे सगळं झाल्यावर मी फॉर्मवर सही केली. हाताखालचे चारजण अर्थातच गेले. साहेबांनी काल मला जुन्या फॉर्मांची छपाई दुरुस्त करायच्या कामावर टाकलंय. टाकू देत. तिथेही रिकाम्या फॉर्मचे मथळे गळतात, आजच दिसलं. मी त्यांना सोडणार नाही.

घरी येताना मी बाबांना विचारलं, आतून बटण होतं, भीती वाटली तर दाबायचं असं ठरलं होतं, तुम्ही दाबलं नाही. ते म्हणाले, "भीती वाटली. पण दार कोण उघडतंय ते बघायचं होतं."

माझी लाल पेन्सिल काल त्यांनी मागून घेतली. कशाला ते सांगत नाहीत.

भिंगरी


२० एप्रिल

मेहुणे,

मला पत्र लिहायची सवय नाही. चुका काढत बसू नका.

तुमचं पत्र पोरीने दाखवलं. तुम्हाला माफ केलं असं समजू नका. माफी मागायला येणार असाल तर येऊ नका, मला ती नको आहे. पान कोरं होतं हे मला तेव्हाही मान्य होतं. हूक रिकामा होता, एवढंच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. त्याला तुम्ही चोवीस वर्षं लावलीत. त्याचा राग मी सोडणार नाही, तो माझा आहे.

सोबत एक कागद आहे. रकाने मी आखलेत, थोडे वाकडे आलेत. मथळे असे: पाहुण्याचं नाव. येण्याची तारीख. गाडीची वेळ. किती दिवस राहणार. खाली रिकामं आहे. मी त्यात निरंक लिहिलेलं नाही. तुमच्या बहिणीने विचारलं, कधी लिहिणार? मी म्हटलं, लिहिणार नाही, वाट बघणार. भरून पाठवा.

आमच्या दारांना कडी लागत नाही हे पोरीने तुम्हाला कळवलंच आहे. तुम्ही आलात की बाहेरच्या खोलीची लावून बघणार आहे. त्या वेळी आत आपण दोघं असू. किती वेळ जमतं, बघू.

पंपमिस्त्री